सीनिअर डिझाइन इंजिनिअर कसे व्हावे (आकृत्या प्रमाणात नाहीत)

हे मार्गदर्शक कोणासाठी

मेकॅनिकलची पदवी घेऊन सात-आठ वर्षं कॅडसमोर काढली आणि यंदाच्या अप्रेझलमध्ये पगाराऐवजी हुद्दा वाढवून मिळाला, अशा सर्व होतकरूंसाठी. ओळखपत्रावर 'सीनिअर' छापून मिळतं. पुढे काय करायचं ते कोणी सांगत नाही. कालपर्यंत तुम्ही चुकलात तर लोक 'शिकतोय अजून' म्हणायचे. आता हाताखालचा पोरगा चुकला की 'तुम्ही काय बघत होतात?' असं विचारतात. पगाराच्या पावतीवर हा फरक कुठेच दिसत नाही.

उदाहरणासाठी आपण मिक्सर घेऊ. विमानाचं पातं, रोबोटचा हात वगैरे कॉलेजच्या गॅदरिंगमधल्या भाषणात शोभतं. भोसरी-चाकण पट्ट्यात बसून तुमच्या हातून प्रत्यक्षात घडणार ते एखादं झाकण, दोन-चार ब्रॅकेट आणि एक क्लिप, जी हटकून तुटते. शिवाय मिक्सरबद्दल घरातल्या प्रत्येकाचं ठाम मत असतं, त्यामुळे मार्केटिंगशी बोलायचा सराव घरच्या घरी होतो.

आपल्याकडच्या मिक्सरचा इतिहासही पाठ करून ठेवा, मीटिंगमध्ये कामाला येतो. सत्यप्रकाश माथुर नावाचे इंजिनिअर सीमेन्समध्ये नोकरीला होते. १९६० च्या दशकात त्यांच्या पत्नी माधुरी यांचा परदेशी बनावटीचा मिक्सर जळाला. त्या यंत्राला फळांचे रस आणि केकची पिठं माहीत होती. भिजवलेली डाळ नि सुकं खोबरं त्याच्या जन्मगावी कोणी घातलंच नव्हतं. माथुरांनी मग जादा ताकदीच्या मोटरचं यंत्र स्वतःच घडवलं आणि त्यातून पुढे 'सुमीत' मिक्सर आला. गिऱ्हाइकाला काय वाटतं याचे सर्व्हे पुष्कळ होतात. ते काय वाटणार आहे हे विचारणारा माणूस मात्र खात्यात एखादाच असतो. तो तुम्ही व्हा. निदान तसे दिसा.

पात्रता

पुण्यात इंजिनिअरिंगचे वर्ग १८५४ पासून भरतात आणि मुंबईची व्हीजेटीआय १८८७ ची. मधल्या काळात अभ्यासक्रम कितीदा बदलले, पण होस्टेलवर एक विद्या गुरुशिष्य परंपरेने टिकून राहिली, ती म्हणजे जीटी. टेबलावर काच, काचेखाली बल्ब, काचेवर वरच्या वर्गातल्या कोणाची तरी तपासून आलेली शीट आणि तिच्यावर आपली कोरी. पहाटेपर्यंत चार शीट पडतात. ड्राफ्टर भिंतीला टेकून बघत असतो.

उद्योगात याच कलेला 'कॅरी-ओव्हर' म्हणतात. मागच्या मॉडेलचा ब्रॅकेट नव्या मॉडेलमध्ये जसाच्या तसा आणायचा. कॉलेजात सर मार्क कापायचे, इथे कॉस्टिंगवाले पाठ थोपटतात. आणि थट्टा बाजूला ठेवली तर त्यांचंच बरोबर आहे. जुन्या भागाच्या डायचे पैसे फिटलेले असतात, तो कुठे नि कधी तुटतो हे सर्व्हिसवाल्यांच्या तोंडावर असतं. नवीन भाग सुंदर असतो, कारण तो अजून कोणाच्या ओट्यावर गेलेला नसतो. ज्युनिअरला नवीन काढायचा मोह होतो. तुम्ही मागे उभं राहून 'हे आधी कोणी केलंय का?' एवढं विचारायचं. प्रश्न कुठल्याही प्रोजेक्टला, कुठल्याही टप्प्यावर चालतो.

पोशाख व साहित्य

खिशात सहा इंची स्टीलची पट्टी. व्हर्निअर टेबलाच्या खणात कुलूपबंद, नाहीतर क्वालिटीवाले नेतात. वही कागदाचीच हवी.

टॉलरन्स

नवखा ओळखायची खूण सोपी आहे: त्याच्या ड्रॉइंगमध्ये प्रत्येक मापाला अधिक-उणे ०.०५ असतं. मोटरच्या शाफ्टला तेच आणि मागच्या बाजूला दडलेल्या लोगोच्या उंचीलाही तेच. विचारलं तर म्हणतो, 'सेफ साइडला राहावं म्हणून.' ही सेफ साइड कोणाच्या खिशातून जाते ते त्याला अजून कळलेलं नसतं. असं ड्रॉइंग व्हेंडरकडे गेलं की तो दोनपैकी एक करतो. भाव तिप्पट लावतो, किंवा सरळ दुर्लक्ष करून भाग नेहमीसारखा बनवून देतो. दुसरा व्हेंडर जास्त अनुभवी समजावा.

तुम्ही आता सीनिअर आहात, तेव्हा एक शून्य आणखी लावून पाहा: ०.००५. छान दिसतं. फक्त एवढं लक्षात असू द्या, की ड्रॉइंगवरचं माप २० अंश सेल्सिअसला खरं धरायचं असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये पारा चाळिशीला टेकतो. अर्धा मीटर लांबीची ॲल्युमिनिअमची पट्टी या वीस अंशांत ०.२३ मिलिमीटर वाढते आणि पॉलिप्रॉपिलीनची तेवढीच पट्टी एक मिलिमीटरच्या घरात जाते. तुम्ही मागितलेले पाच मायक्रॉन चहाच्या सुट्टीत येऊन निघूनही जातात.

टायटल ब्लॉकमध्ये 'आयएसओ २७६८-एमके' असं लिहिलेलं असतं. कोणी लिहिलं ते विचारू नका, ते टेम्प्लेटमध्येच आलं. त्यातल्या 'एम'चा अर्थ असा, की वेगळं काही लिहिलं नसेल तर ३० ते १२० मिलिमीटरच्या मापाला अधिक-उणे ०.३ आणि १२० ते ४०० ला अधिक-उणे ०.५ चालेल. मशीन केलेल्या आणि पत्र्याच्या बहुतेक भागांना एवढं पुष्कळ होतं. प्लास्टिकसाठी वेगळं मानक आहे, आणि ते न उघडता हेच लावायची पद्धत आहे. 'के' ज्या दुसऱ्या भागातून आला तो भाग २०२१ मध्ये मागे घेतला गेला. तुमच्या टायटल ब्लॉकमध्ये तो अजून सुखाने नांदतोय. काढायला जाल तर सगळ्या ड्रॉइंगांचं रिव्हिजन करावं लागेल, आणि ते काम तुमच्याच गळ्यात पडेल.

यानंतर येते स्टॅक-अप नावाची बेरीज. बॉडी, मोटरची प्लेट, बुश, कपलर, भांडं असे पाच भाग एकावर एक, प्रत्येकाला अधिक-उणे ०.२. सगळेच एकाच बाजूला चुकले तर एकूण अधिक-उणे १ मिलिमीटर. वर्गमूळाच्या पद्धतीने काढलं, म्हणजे कोणी इकडे चुकेल कोणी तिकडे असं मानलं, तर ०.४५. मीटिंगमध्ये पहिला आकडा सांगून घाबरवायचं आणि दुसरा सांगून दिलासा द्यायचा. या दोन वाक्यांवर माणसं जनरल मॅनेजर झालेली आहेत.

पण वर्गमूळवाली पद्धत एक गोष्ट गृहीत धरते: सगळ्यांची मापं मध्याभोवती पडतील. शॉपमध्ये जाऊन लेथवरच्या माणसाला विचारा. तो शाफ्ट वरच्या मर्यादेपाशी थांबवतो आणि भोक खालच्या. शाफ्ट जाड राहिला तर आणखी एक कट घेता येतो, बारीक झाला तर भंगारात जातो. आपली कातडी वाचवायचा हा चोख हिशोब आहे. परिणाम असा, की तुमचे शाफ्ट सगळे जाड, भोकं सगळी लहान, आणि कागदावर अलगद बसणारी जोडी असेंब्लीत हातोडीने बसते. हे कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही. शिवाय तो माणूस आपणहून सांगायला येत नाही, कारण त्याला कोणी विचारलेलंच नसतं.

तेव्हा करायचं काय? ड्रॉइंगवरच्या पन्नास मापांतली यंत्र चालण्या-न चालण्याशी संबंध असलेली चार-पाच शोधायची. कपलर आणि भांड्याचा अक्ष एका रेषेत राहणं हे त्यांतलं एक. ते बिघडलं की मिक्सर असा ओरडतो की शेजारी दार वाजवतात. त्या चार-पाचांसाठी सप्लायरशी, क्वालिटीशी, प्रसंगी साहेबाशीही भांडायचं. बाकीची सैल सोडायची. सैल सोडायला छाती लागते, कारण घट्ट टॉलरन्सबद्दल आजवर कोणाला मेमो मिळालेला नाही.

प्रोजेक्शन

आपण आणि युरोप फर्स्ट अँगल काढतो, अमेरिका थर्ड. कोपऱ्यातलं ते कापलेल्या शंकूचं चिन्ह बघितल्याशिवाय परदेशी ड्रॉइंग व्हेंडरकडे धाडू नका. डाव्या हाताचा ब्रॅकेट उजव्या हाताचा होऊन येतो, आणि पाच हजार येतात.

रंगीत चित्र

संचालक मंडळाला आकडे आवडत नाहीत, रंग आवडतात. म्हणून एफईए. निळं म्हणजे छान, लाल म्हणजे धोका. लाल फार दिसत असेल तर रंगपट्टीची वरची मर्यादा वाढवा, सगळं निळं होतं. याला काही जण फसवणूक म्हणतील. प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री याला 'स्केल ॲडजस्ट करणं' म्हणतात. ॲनिमेशन दाखवताना वाकणं पन्नासपट वाढवून दाखवलंय हे आधी सांगा. न सांगता दाखवलंत तर मिक्सरची बॉडी गारुड्याच्या नागासारखी डोलताना बघून फायनान्सवाले प्रोजेक्ट थांबवतात.

ज्युनिअर धापा टाकत येईल: 'सर, आतल्या कोपऱ्यात स्ट्रेस २०० येत होता. जाळी बारीक केली तर ३०० आला. आणखी बारीक केली तर ४५०!' त्याला बसवा, चहा मागवा. धारदार आतल्या कोपऱ्यात गणिताने स्ट्रेस अनंत असतो. जाळी जितकी बारीक कराल तितका तो अनंताच्या दिशेने पळणार. तो आकडा पार्टचा नाही. कोपऱ्याला गोलाई द्यायची, जी डायवाला तसाही देणारच आहे, आणि मग बघायचं. त्यानंतर विचारायचं: 'खालचा भाग कुठे फिक्स केलायस?' तो म्हणेल, 'पूर्ण तळ.' खऱ्या मिक्सरचा तळ चार रबरी पायांवर, कडाप्प्याच्या ओट्यावर, थोड्या सांडलेल्या चटणीत उभा असतो.

या पायांची एक गंमत सांगून टाकतो. तीन पायांचा मिक्सर कुठल्याही ओट्यावर डुगडुगत नाही, भूमितीच तशी आहे. पण भांडं गच्च बसल्यावर बाईंनी ते काढताना तिरकं ओढलं की तो कलंडतो. चार पायांचा कलंडत नाही, डुगडुगतो. रबर मऊ ठेवून चौथ्या पायाची लबाडी झाकतात. ही तडजोड कोणा सीनिअरने कधीतरी केली असणार, आणि त्याला त्याबद्दल टाळ्या मिळाल्या नसणार. (खर्च वाचवायला पाय कमी करा असं कोणी सुचवलंच तर टाटा नॅनोचं उदाहरण पुढे येतं: २००८ साली दाखवलेल्या त्या गाडीच्या चाकांना तीनच नट होते आणि काचेला एकच वायपर. तिथे ते जमलं, कारण अख्खी गाडीच त्या हिशोबाने हलकी आखली होती. झालेल्या गाडीतून कोणी मागाहून नट काढले नव्हते.)

हाताने गणित करायची सवय सोडू नका. एका टोकाला धरलेली पट्टी दुप्पट लांब केली की आठपट वाकते. जाडी सव्वापट केली की वाकणं जवळजवळ निम्मं होतं. पाकिटाच्या मागे होणारं हे गणित कॉम्प्युटरला रात्रभर चालवून सकाळी चुकीचं आलेलं मी पाहिलंय. मात्र 'मग जाडी वाढवू' असं लगेच म्हणू नका. प्लास्टिकची भिंत दुप्पट जाड केली तर ती डायमध्ये थंड व्हायला चौपट वेळ घेते. म्हणून रिब द्यायची, आणि रिबची जाडी भिंतीच्या निम्म्याच्या आसपास ठेवायची. जास्त ठेवलीत तर पलीकडच्या चकचकीत बाजूला खळगा पडतो. चकचकीत काळा रंग निवडणाऱ्या स्टायलिंगच्या मंडळींना तो खळगा बरोबर दिसतो. रिब कशासाठी आहे ते मात्र दिसत नाही.

टूलरूममध्ये जाणे

हा या मार्गदर्शकातला सर्वांत अवघड भाग आहे, तेव्हा सावकाश वाचा.

टूलरूममध्ये डाय बनवणारे एक काका असतात. आयटीआय किंवा तेही नाही, पस्तीस वर्षं याच कामात. तुम्हाला ते 'साहेब' म्हणतात. या 'साहेब'मध्ये आदर किती आणि गंमत किती हे मोजायचं गेज अजून निघालेलं नाही. आपण शिकवायला आलोय अशा मुद्रेने आत शिरा. पाच मिनिटांत मुद्रा आपोआप उतरते.

'साहेब, झाकण झकास झालंय. बाहेर कसं काढायचं?'

'कशातून?'

'डायमधून.'

'सरळ. वरती.'

'आणि ही आतली कडी?'

कडी स्क्रीनवर फार सुंदर दिसत होती. इथे ती डायच्या उघडण्याच्या वाटेत आडवी पडलीय.

'स्लायडर द्या ना, काका.'

'देतो की. बसवू कुठे? इथनं तर पाण्याची लाइन तुम्हीच मागितलीय.'

आता तुम्ही म्हणायचं, 'बघतो.' सीनिअर माणसाचा हा शब्द फार उपयोगी आहे. त्यानंतर खरंच बघायचं, कारण काका म्हणतात ते बरोबर असतं: कडीच्या खाली भिंतीत एक खिडकी ठेवली तर स्लायडर लागतच नाही. त्यांना हे तुम्ही येण्याआधीच सुचलेलं असतं. ते सांगत नाहीत, तुम्हाला सुचायची वाट बघतात. उभ्या भिंतींना किमान एक अंशाचा ड्राफ्ट द्या, टेक्श्चर असेल तर त्याच्या खोलीप्रमाणे आणखी. न दिलात तर भाग डायला चिकटतो, खरचटत निघतो, आणि काका तो तुमच्या टेबलावर आणून ठेवतात. काही बोलत नाहीत.

टूलरूमचा पहिला नियम: लोखंड काढता येतं, लावता येत नाही. म्हणजे लावता येतं, वेल्डिंग करून, पण तेव्हा काकांच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. म्हणून जिथे खात्री नाही तिथे डायमध्ये लोखंड जास्त ठेवायचं. क्लिप थोडी सैल बसेल अशीच पहिली ट्रायल घ्यायची आणि मग लोखंड कोरून ती घट्ट करत आणायची. पॉलिप्रॉपिलीन थंड होताना दीड ते दोन टक्के आकसतं. १२० मिलिमीटरच्या झाकणात म्हणजे दोन मिलिमीटरच्या आसपास. नेमकं किती, ते मटेरिअल, गेटची जागा, प्रेशर आणि त्या रात्रीचा ऑपरेटर मिळून ठरवतात. ट्रायल रात्रीच असते. दिवसा मशीनवर प्रॉडक्शन चालतं.

मॅनेजरला पहिल्या ट्रायलचे भाग दाखवायची घाई करू नका. पहिल्यात भाग अर्धवट भरतो, दुसऱ्यात कडेने पातळ पापुद्रा निघतो. तिसऱ्या-चौथ्याला बरा निघतो, आणि तोच 'फर्स्ट शॉट' म्हणून प्रेझेंटेशनमध्ये जातो.

वर्षातून एकदा, खंडेनवमीला, टूलरूममध्ये प्रसादाला जा. मशीनना झेंडूचे हार, व्हर्निअरला हळदकुंकू, पेढे. डिझाइन खात्यातही मॉनिटरला हार घालतात, फक्त तिथे पूजेच्या वेळीही कोणाचं तरी रेंडरिंग चालू असतं, ते बंद करत नाहीत.

काय तुटावं ते ठरवणे

भांड्याच्या बुडाशी असलेला तो दातेरी प्लास्टिकचा किंवा रबराचा कपलर तुम्ही पाहिला असेल. तोच नेमका का तुटतो, असा प्रश्न मार्केटिंगने विचारला की खुर्चीत सावरून बसा. तुमच्या हुद्द्याचं सार्थक करणारा क्षण आलाय.

हळकुंड पात्याखाली अडकलं की अठरा-वीस हजार फेऱ्यांनी फिरणारी मोटर एका झटक्यात थांबू पाहते. तो झटका कुठेतरी जाणारच. कपलर पोलादाचा केला तर झटका शाफ्टमध्ये, बेअरिंगमध्ये, मोटरच्या वाइंडिंगमध्ये जाईल. म्हणून कपलरचे दात मुद्दाम अशक्त ठेवतात. शंभर रुपयांच्या आतली वस्तू तुटते आणि दोन हजारांची वाचते. खालचं लाल बटणही तसंच: भार फार झाला की उडून प्रवाह तोडतं. प्रेशर कुकरच्या झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्हही याच कुळातला. शिट्टीची वाट बंद झाली तर तो वितळतो आणि कुकर वाचतो, स्वयंपाकघरही वाचतं.

मार्केटिंग म्हणेल, 'पण कस्टमरला तुटलेलं दिसतं ना!' कॉस्टिंग म्हणेल, 'कपलर मजबूत करू, वॉरंटी क्लेम कमी होतील.' सहा महिने कमी होतीलही. त्यानंतर मोटर जळलेले मिक्सर परत यायला लागतील आणि तोवर कपलर मजबूत करणाऱ्याला बढती मिळून तो दुसऱ्या खात्यात गेलेला असेल. इथे 'बघतो' म्हणायचं नाही. 'नाही' म्हणायचं, कारण लेखी द्यायचं, आणि मेलमध्ये साहेबाच्या साहेबाला ठेवायचं.

डीएफएमईए

बिघाडांची ही मोठी वही. परिणाम, शक्यता आणि पकडता येणं, यांना एक ते दहा गुण देऊन गुणाकार करायचा. शंभराच्या वर गेलं की काम निघतं. ७ गुणिले ४ गुणिले ४ म्हणजे ११२. मग दोन तास चर्चा होते आणि 'पकडता येणं' चाराचं तीन होतं. ८४! मंडळी जेवायला जातात. २०१९ च्या नव्या हँडबुकने हा गुणाकार काढून टाकला आणि उच्च, मध्यम, कमी अशा पायऱ्या आणल्या. आता दोन तास 'उच्च'चं 'मध्यम' करण्यात जातात.

सही

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तीन चौकोन असतात: काढणारा, तपासणारा, मंजूर करणारा. तुमचा आता मधला किंवा शेवटचा. काढणाऱ्याला वाटतं तपासणारा बघेल. तपासणाऱ्याला वाटतं काढणाऱ्याने बघितलंय. मंजूर करणाऱ्याला वाटतं दोघांनी बघितलंय. रिव्हिजनची अक्षरं ए, बी, सी अशी चढत जातात, पण आय, ओ, क्यू वगैरे वगळतात, कारण ती एक नि शून्यासारखी दिसतात. अक्षरांच्या गोंधळाची एवढी काळजी घेणारा हा धंदा बदलाच्या कारणाच्या रकान्यात मात्र 'ॲज पर रिक्वायरमेंट' एवढंच लिहितो.

अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या एका हॉटेलात छताला टांगलेले पादचारी पूल होते, एकाखाली एक. मूळ आराखड्यात एकच लांब सळई दोन्ही पुलांतून जात होती. ती तशी बनवायची तर मधल्या नटापर्यंत सगळ्या सळईला आटे पाडायला हवेत, म्हणून बनवणाऱ्यांनी सुचवलं: दोन सळया करू, खालचा पूल वरच्या पुलाला टांगू. कागदावर बदल किरकोळ दिसतो. पण आधी वरच्या पुलाच्या नटावर फक्त वरच्या पुलाचा भार होता; आता दोन्ही पुलांचा आला, दुप्पट. बदल मंजूर झाला. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी दोन्ही पूल कोसळले, ११४ माणसं गेली. तो बदल सुचवण्यात कसलीही बदमाशी नव्हती, शॉपमधली सोय होती. तशा सोयीचे बदल तुमच्या टेबलावर आठवड्याला चार येतात. सही करण्याआधी बोटाने भाराची वाट गिरवायची: कुठून येतो, कुठून जातो, आता कुठून जाणार. तीन मिनिटं लागतात. त्या तीन मिनिटांत कोणी 'अर्जंट आहे सर' म्हणत उभं राहिलं तर त्याला चहा सांगायला पाठवा.

ज्युनिअरशी वागणे

त्याच्या खुर्चीमागे उभं राहा. 'जरा फिरव. थांब. सेक्शन घे. इथे नाही, इथे,' असं म्हणत स्क्रीनवर बोट टेकवा. ठसा उमटतो, ती तुमची नाममुद्रा. माउस हातात घेऊ नका, नव्या आवृत्तीत कमांड कुठे गेल्या ते तुम्हाला माहीत नाही आणि ते उघड व्हायची गरज नाही. पोराला मात्र महिन्यातून एकदा सप्लायरकडे धाडा, आणि आपला आधीचा पार्ट स्वतः जोडायला लावा, पॉवर स्क्रू-ड्रायव्हरशिवाय. प्लास्टिकच्या बॉसमधले आटे आपल्या हाताखाली गेल्याशिवाय स्क्रूसाठी जागा किती ठेवायची ते कोणाला कळत नाही.

बोल्टचा एक आकडाही त्याला पाठ करायला लावा: पाना फिरवताना आपण लावलेल्या जोरातला सुमारे नऊ-दशांश घर्षणात जातो, भाग आवळून धरायला जेमतेम एक-दशांश उरतो. आठवड्याच्या रिव्ह्यू मीटिंगचा हिशोबही साधारण असाच निघतो, पण ते त्याला त्याचं कळेल.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वर्गातले निम्मे मित्र हिंजवडीत सॉफ्टवेअरला गेले, त्यांचा पगार दुप्पट आहे. काय करू?
त्यांना चूक सापडली की ते रात्रीत दुरुस्ती धाडतात. तुमची चूक लोखंडात असते आणि तिचे चाळीस हजार नग दुकानांत पोचलेले असतात. पगार कशाबद्दल जास्त हवा होता, हा प्रश्न एचआरला विचारून झालेला आहे.

मॅनेजर व्हावं का?
एक्सेल येत असेल तर तुम्हाला विचारतील. ड्रॉइंग येत असेल तर विचारणार नाहीत.

घरचा मिक्सर स्वतः दुरुस्त करता आला पाहिजे का?
अजिबात नाही. मावशी विचारेल, 'एवढा इंजिनिअर ना तू?' तरी हात लावू नका. कोपऱ्यावरच्या दुकानात न्या. तो उलटा करून, लांब स्क्रू-ड्रायव्हर आत घालून, ज्याने हा स्क्रू इतक्या आत बसवला त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करेल. स्क्रू तिथेच का आहे, स्टायलिंगवाल्यांना बाहेर तो का नको होता, हे सगळं तुम्हाला माहीत असतं. मान डोलवायची, कपलरचे पैसे द्यायचे. 'तुम्ही काय करता, साहेब?' असं त्याने विचारलंच, तर बँकेत आहे म्हणून सांगा.